शेजारच्या लॉर्डसाहेबांचा दत्तक

आमच्या शेजारचे म्हातारबुवा इंग्लंडचे उमराव आहेत हे मला कळलं, तेव्हा ते अर्ध्या चड्डीत, अनवाणी, माझ्याच लिंबाच्या झाडाला नळीने पाणी घालत होते. मी काही विचारलं नव्हतं. माझी लेक कुंपणाला लटकून ओरडली, "आई, ही इज अ लॉर्ड! अ रिअल वन!" मी ऑफिसचा कॉल कानाला लावून अंगणात येरझाऱ्या घालत होते. मला एका जागी बसून बोलता येत नाही, कधीच आलं नाही. मी बसच्या वेळापत्रकांचं काम करते. कुठली बस कुठल्या थांब्यावर कधी पोचेल हे ठरवण्यात माझा दिवस जातो, आणि माझ्या स्वतःच्या जिवाला मात्र थांबा म्हणून माहीत नाही.

म्हातारबुवांनी नळी दुमडून पाणी थांबवलं. "बॅरन," ते म्हणाले. "सगळ्यात खालची पायरी, लव्ह. त्याच्या खाली मग तुम्ही सगळे." आणि स्वतःच्याच विनोदावर खोकेपर्यंत हसले.

ही गोष्ट ऑस्ट्रेलियातल्या वेरिबीची. आमच्या ओळखीच्या बहुतेक मराठी लोकांनी नव्या वसाहतींत घरं घेतली, आम्ही मात्र स्टेशनजवळच्या जुन्या गल्लीत विटांचं बैठं घर घेतलं, कारण नवऱ्याला ट्रेन जवळ हवी होती. नवरा आधी म्हणाला, म्हातारा थापा मारतोय. मग त्याने नेटवर शोधलं आणि फोन माझ्यासमोर धरला. खरंच होतं. त्या दिवसापासून आमच्या घरात त्यांना लॉर्डसाहेब हेच नाव पडलं.

त्या उमरावकीचं नाव मी लिहीत नाही. कहाणी मात्र मी त्यांच्या मागच्या पायऱ्यांवर, अनेक दुपारी, तुकड्यातुकड्याने ऐकली आहे. मूळ पुरुष इंग्लंडच्या कुठल्याशा बंदरात आरमाराला खारवलेलं मांस आणि सुकी बिस्किटं पुरवायचा. बिस्किटांत किडे असायचे. खलाशी ती फळीवर आपटायचे, किडे बाहेर पडले की खायचे. लढाया जिंकल्या खलाशांनी आणि उमराव झाला बिस्किटवाला, कारण त्याने कुणा मंत्र्याला अडचणीत हात दिला होता. त्याच्या मुलाने टेकडीवर इतक्या धुराड्यांची हवेली बांधली की ती साफ करायला कायमची माणसं ठेवावी लागली. नातवाने घोडे आणि पत्ते यांच्यावर निम्मी जमीन उडवली. पणतूला दोन मुलगे झाले. थोरल्याला हवेली, किताब, सगळं. धाकट्याने काय प्रताप केले होते ते लॉर्डसाहेबांना माहीत नव्हतं, किंवा मला सांगायचं नव्हतं. त्याला बोटीचं तिकीट मिळालं. ऑस्ट्रेलियात जा, घरून नेमाने पैसे येतील, अट एकच, परत यायचं नाही.

"घरापासून लांब राहण्याचा पगार!" नवरा म्हणाला. "आपल्याला कुणी का देत नाही?"

तो धाकटा व्हिक्टोरियाच्या पश्चिमेला मेंढ्या हाकत फिरला, आलेले पैसे पीत राहिला, आणि एका खानावळीतल्या आयरिश स्वयंपाकिणीशी लग्न करून मेला. लॉर्डसाहेब त्याच्या वंशातले. इकडे कुणाला किताबाचं सोयरसुतक नव्हतं. तिकडे थोरल्याच्या वंशात मुलगे लढायांत गेले, एक घोड्यावरून पडला, हवेली विकली गेली, तिची आधी शाळा झाली आणि मग लग्नाचं हॉटेल. शेवटचा उमराव समुद्रकाठच्या एका भाड्याच्या खोलीत मांजरांबरोबर राहायचा. लग्न केलं नव्हतं. तो गेल्यावर वकील जगभर रक्त शोधत निघाले आणि वेरिबी साउथला येऊन थांबले.

"फोन आला तेव्हा मी कालव्याचं दार उघडत होतो," लॉर्डसाहेब सांगायचे. "तो माणूस मला माय लॉर्ड माय लॉर्ड करतोय. मी म्हटलं, मेट, आत्ता नको, कोबीला पाणी सोडतोय."

कारण हे आमचे उमराव जन्मभर पाटकरी होते. समुद्राजवळच्या भाजीच्या मळ्यांना पाळीपाळीने पाणी सोडणारे. किताब मिळाला तेव्हा तिकडच्या पार्लमेंटातून वंशपरंपरेच्या बहुतेक मंडळींना घरी पाठवलं होतं, म्हणजे बसायला खुर्चीसुद्धा नाही. मिळाली ती एक ट्रंक. त्यात लाल लोकरीचा पायघोळ झगा, त्याला पांढऱ्या केसाळ पट्ट्या, आणि एक चांदीचा मुलामा दिलेला मुकुट, त्यावर गोल गोळे. एक गोळा गळून पडला होता. ही ट्रंक त्यांनी गॅरेजमध्ये गवत कापायच्या यंत्राशेजारी ठेवली होती, आणि माझी लेक शाळेतून आली की कसर लागलेला तो झगा फरफटवत दोन्ही अंगणांत राज्य करायची.

घराण्यांची हौस आमच्याकडेही आहे. सासरच्या मूळ पुरुषाने कुणा सरदाराच्या घोड्यांना चंदी, म्हणजे दाणा, पुरवली आणि त्याला जमीन इनाम मिळाली. माझे सासरे, ज्यांना लेकीमुळे मीही आबाच म्हणते, ते याला "आमचं सरदार घराणं" म्हणतात. चंदीचं नाव काढत नाहीत. ते मला नवऱ्याच्या एका चुलत आत्याने सांगितलं. जमीन कूळकायद्यात गेली. उरले ते टाक. चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेले, तळहातात मावतील असे घरचे देव. खंडोबा, भवानी, आणि घोड्यावर बसलेला एक वीर, म्हणजे तो मूळ पुरुष. ते थोरल्याकडून थोरल्याकडे जातात. रोज त्यांना आंघोळ, गंध, फूल. सासूबाई होत्या तोवर त्या करायच्या, त्या गेल्यावर आबा करू लागले.

आता माझ्या रागाचं मूळ. लेक आम्ही पुण्याच्या एका संस्थेतून दत्तक घेतली. तेव्हा ती माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत मावायची. आबा आमच्याबरोबर आले होते. तिला मांडीवर घेऊन ढसाढसा रडले. मला तेव्हा ते फार आवडले. मग परतताना रिक्षात, बाहेर बघत, ते म्हणाले, "चांगलं केलंत. फक्त घरच्या देवांचं पुढे कसं, ते बघायला लागेल."

एवढंच. पुढे ते काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. त्यांनी तिचे लाड केले, तिच्यासाठी पार्सलं पाठवली, तिच्या तापात पुण्यात बसून जागले. पण ते वाक्य मी सामानाबरोबर विमानात घालून इथे आणलं. व्हिसा, भाडं, नोकऱ्या, पीआरची, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्याची, वाट बघणं, या सगळ्यांत ते माझ्याबरोबर होतं. पीआर मंजूर झाल्याची ईमेल आली तेव्हा छोटी लेक सोफ्यावर नाचत "वी आर अलाउड! वी आर अलाउड!" म्हणत होती, आणि मला तेव्हाही तेच आठवलं. इथल्या सरकारने हिला घेतलं. आबांच्या देवांनी?

आपण दत्तक आहोत हे लेकीला पहिल्यापासून माहीत आहे. तिला त्यात काही विशेष वाटायचं नाही. तिला कुत्रा का मिळत नाही हा तिच्या आयुष्यातला मोठा प्रश्न होता.

आणि मग आबांचा फोन आला. फ्लॅट विकून ते ज्येष्ठांच्या संकुलात राहायला जाणार होते. खोली लहान. "देव घेऊन तिकडे येतो," ते म्हणाले.

"म्हणजे आमच्याकडे ठेवायला?" मी विचारलं.

"बघू. धाकट्याकडचाही म्हणतोय, आमच्याकडे द्या."

धाकट्याकडचा म्हणजे माझा चुलत दीर. तो पुण्यातच असतो, त्याला दोन मुलगे. मी फोन ठेवला आणि दिवाणखान्यातलं फर्निचर हलवायला लागले. नवरा म्हणाला, "काय चाललंय?" मी म्हटलं, "तुझ्या वडिलांचं बघू चाललंय." आबा यायच्या आठवड्यात मी एक फळी तीनदा वेगवेगळ्या भिंतीला लावली, आणि तिन्ही वेळा तिच्यावर कुंडी ठेवली, कारण रिकामी दिसली असती तर मी वाट बघतेय असं वाटलं असतं.

विमानतळावर आबांनी सगळं प्रामाणिकपणे सांगितलं. तिथल्या बाईने गाठोडं उलगडलं. अक्षता जप्त, नारळ जप्त, हळकुंड जप्त. टाक तिने उलटसुलट करून बघितले आणि विचारलं, "काही जिवंत आहे का यात?" आबा म्हणाले, "हो." ते बाहेर यायला इतका वेळ का लागला ते आम्हांला घरी येताना कळलं.

त्यांनी लाल कापडातलं गाठोडं फळीवर ठेवलं. कुंडी बाजूला सरकवली. उघडलं मात्र नाही. "नीट दिवस बघून करू. घाई काय?" घाई मला होती. मी रोज कामावर जाताना आणि आल्यावर त्या गाठीकडे बघायचे.

आबा आणि लॉर्डसाहेब यांचं मात्र पहिल्या दिवसापासून जमलं. आबांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. हा गोरा माणूस पाटकरी होता हे कळल्यावर ते जे कुंपणाशी गेले ते जेवायलाच आले. रोज दोघं लॉर्डसाहेबांच्या जुन्या यूटमधून, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या गाडीतून, कालव्यावर जायचे. आबांचं इंग्रजी सरकारी, त्यांचं ऑस्ट्रेलियन, दोघांनाही एकमेकांचं निम्मंच कळायचं. पण शेवटच्या मळ्यापर्यंत पाणी पोचत नाही आणि वरचे लोक चोरतात, यावर दोन्ही देशांचं एकमत होतं. आबा येऊन सांगायचे, "लॉर्ड आहे, पण माणूस आपल्या खात्यातला आहे."

मग एका रविवारी लॉर्डसाहेबांनी आम्हांला बार्बेक्यूला बोलावलं. त्यांचा मुलगा आला होता. पन्नाशीचा, हात खांबासारखे, थंड मालाचा ट्रक चालवणारा. आमच्यासाठी त्याने मक्याची कणसं आणि पनीर वेगळ्या जाळीवर ठेवलं होतं, आणि ते त्याने तीन वेळा सांगितलं, "सेपरेट, मेट, आय प्रॉमिस." हा मुलगा दत्तक आहे हे मला माहीत होतं. लॉर्डसाहेबांनीच सांगितलं होतं, की बायको आणि ते त्याला हॉस्पिटलमधून बेबी ब्लँकेटमध्ये गुंडाळून घरी घेऊन आले आणि वाटेत गाडी इतकी हळू चालवली की पोलिसांनी थांबवलं.

हे माहीत असूनच मी बोलले. लेक झगा घालून खुर्चीवर उभी होती, आबा हौसेने मुकुट हातात घेऊन त्याचं वजन बघत होते, आणि मी त्या मुलाला म्हटलं, "सो यू विल बी द नेक्स्ट लॉर्ड."

माझ्या डोक्यात शंकासुद्धा आली नाही. आपल्याला लहानपणापासून इतिहासाच्या तासाला हेच शिकवलेलं असतं. राजाला मूल नाही, राजा दत्तक घेतो, दत्तक गादीवर बसतो. दत्तक मुलगा राजा होत नाही, असं कुणी मराठी माणूस सहज कसं समजेल?

मुलाने चिमटा हातात धरून वडिलांकडे बघितलं. लॉर्डसाहेब म्हणाले, "नाह, लव्ह. रक्त लागतं. कायदा तसा आहे. बाकी सगळ्याला तो माझा मुलगा. घर, यूट, मी हॉस्पिटलात असलो तर सही, सगळं. हे तेवढं नाही. माझ्यामागे कुणी उरलं नाही, त्यामुळे माझ्याबरोबर संपलं."

"नो वरीज," मुलगा म्हणाला. "तो मुकुट घालून ट्रकचं दार लागणार नाही." सगळे हसले. पण तो नीट भाजलेली सॉसेजेस उगाचच पुन्हापुन्हा उलटत राहिला.

लेकीने झगा दोन्ही हातांनी उचलून धरला होता. ती माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, हिला उचलावं आणि कुंपणावरून उडी मारून घरी जावं.

तेवढ्यात आबांनी मुकुट टेबलावर ठेवला. ठेवला म्हणजे आपटला.

"सेम!" ते म्हणाले. "एक्झॅक्टली सेम थिंग!" आणि मग जे सुरू झालं ते निम्मं इंग्रजीत, निम्मं मराठीत, आणि सगळं उभं राहून. सातारा झाला, झाशी झाली, नागपूर झालं. राजाने शास्त्राप्रमाणे मांडीवर घेतलेला मुलगा, आणि कलकत्त्याला बसलेला तुमचा गव्हर्नर जनरल म्हणतो दत्तक नामंजूर, राज्य खालसा! "आमची राज्यं खाल्ली तुमच्या लोकांनी या एका शब्दावर. आणि आता बघा, तुमचीच उमरावकी त्याच शब्दावर खालसा!"

"कधीची गोष्ट म्हणायची ही, मेट?" लॉर्डसाहेबांनी विचारलं.

"कधीची का असेना!" आबा लाल झाले होते. त्यांनी ट्रकवाल्या मुलाच्या दंडावर हात ठेवला. "धिस इज सन. अडॉप्टेड मीन्स सन. फुल सन. हंड्रेड परसेंट, नॉट नाइन्टी नाइन! वडिलांनी मांडीवर घेतलं की झालं. नामंजूर म्हणणारं सरकार कोण?"

लॉर्डसाहेबांनी डोळे पुसले. धुराने असेल. "मी तिकडच्या लोकांना विचारलं होतं," ते म्हणाले. "फार सभ्य भाषेत नाही म्हणाले."

आणि खुर्चीवरून माझी लेक म्हणाली, "आबा, मी पण? हंड्रेड परसेंट? गर्ल्स टू?"

आबांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी त्यांना मदत केली नाही. मला त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांत ती रिक्षा दिसायला हवी होती. मी बघत राहिले. नवऱ्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मी त्याचा हात दाबला. बोलू दे त्यांना.

"आधी खाऊन घ्या," आबा म्हणाले. "गार झालं सगळं."

ती खाली उतरली आणि तिने झगा काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला.

घरी आल्यावर मी नवऱ्याशी भांडले. तो म्हणाला, "अगं, बोलले ना ते सगळ्यांसमोर. इतकं तावातावाने."

"सातारच्या गादीबद्दल बोलले. हिच्याबद्दल बोलले का?"

दुसऱ्या दिवशी लॉर्डसाहेब कुंपणाशी आले. टोपी हातात. लेक दत्तक आहे हे त्यांना माहीत नव्हतं. आदल्या दिवशी तिच्या प्रश्नावरून कळलं. "आय'म सो सॉरी, लव्ह," ते म्हणाले. "तिच्यासमोर मी असं बोललो." मी म्हटलं, तुमचा काही दोष नाही, कायदा तुमचा नाही. ते म्हणाले, "माझ्याच खापरपणजोबांसारख्यांनी केलेला आहे."

लेक पुन्हा झगा मागायला गेली नाही. मी तिची वेणी घालत होते तेव्हा फळीकडे बघत तिने अगदी सहज विचारलं, "ते सिल्व्हर गॉड्स पुण्याच्या दादाकडे जाणार ना? बिकॉज ही इज ब्लड." कंगवा माझ्या हातात तसाच राहिला. तिच्या आवाजात रड नव्हती. बसचा नंबर विचारावा तसं तिने विचारलं होतं, आणि तेच मला सहन झालं नाही.

मी तशीच उठले, कालव्यावर गेले. आबा एकटेच बांधावर बसले होते. मी बसले नाही. उभ्यानेच म्हटलं, "आबा, हिला आणलं त्या दिवशी तुम्ही रिक्षात म्हणालात, घरच्या देवांचं पुढे कसं. मी ते विसरले नाही. रोज आठवतं मला. आज ती मला विचारतेय. तुम्ही सांगा, मी काय सांगू?"

आबांनी वळून माझ्याकडे बघितलं. "मी असं म्हणालो होतो?"

त्यांना आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं, चेहऱ्यावरून दिसत होतं. मी जे इतकी वर्षं उराशी धरून फिरत होते ते त्यांनी रिक्षातून उतरायच्या आत विसरून टाकलं होतं. मला हसू आलं, आणि इतका संताप आला की मी बांधावरचं एक ढेकूळ उचलून पाण्यात भिरकावलं.

"म्हणालो असेन," ते हळूच म्हणाले. "तू खोटं बोलणार नाहीस. मला जरा विचार करू दे."

विचार करता करता त्यांची परतीची तारीख आली. देव न्यायचे की ठेवायचे, मी विचारलं नाही. निघताना ते फळीसमोर उभे राहिले, हात जोडले, आणि म्हणाले, "राहू देत इथे. कापड सोडू नका. मी सांगतो." म्हणजे पुन्हा बघूच. विमानतळावर लेकीने त्यांना नेहमीसारखी मिठी मारली. मी वाकून नमस्कार केला, पण माझे हात घट्ट मिटलेले होते.

मग गाठोडं तिथेच राहिलं. पाहुणे विचारायचे, यात काय आहे? मी म्हणायचे, सामान. त्या महिन्यांत मी घरात इतक्या येरझाऱ्या घातल्या की नवरा म्हणाला, कार्पेटवर पट्टा दिसायला लागलाय. चुलत दिराचा एकदा मेसेज आला, देवांची पूजा होते ना? मी उत्तर दिलं नाही.

थंडी पडली आणि लॉर्डसाहेबांना न्युमोनिया झाला. मुलाने ट्रकच्या शिफ्ट सोडल्या आणि तो वडिलांच्या खोलीत गादी टाकून राहिला. लेक शाळेतून आली की आपणहून तिकडे जायची. एकदा तिने मला सांगितलं, "ही वॉज शेव्हिंग हिज डॅड. सो केअरफुली." त्यानंतर थोड्याच दिवसांत ते गेले.

अंत्यविधी समुद्रकाठच्या एका छोट्या हॉलमध्ये झाला. मळेवाले आले होते, त्यांत इटालियन म्हातारे, आणि आता ज्यांनी मळे घेतले ते पंजाबी शेतकरीही. झगा नव्हता, मुकुट नव्हता. शवपेटीवर मुलाने कालव्याचं दार उघडायचं लोखंडी हँडल ठेवलं होतं. तो चार वाक्यं बोलला, त्यातली दोन पाण्याच्या पाळीबद्दल होती, आणि पेटी उचलताना तो सगळ्यांच्या पुढे होता. त्यानंतर इंग्लंडच्या कुठल्याशा पेपरात एक छोटी बातमी आली. वारस नसल्यामुळे अमुक उमरावकी संपुष्टात आली. नवऱ्याने मला फोनवर दाखवली. वारस नसल्यामुळे! मी फोन त्याच्या अंगावर टाकला.

त्याच संध्याकाळी आबांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे दुपार होती. मित्र गेल्याचं त्यांना आधीच कळवलं होतं. ते शांत होते, चष्मा कपाळावर.

"खांदा कुणी दिला?"

"मुलाने. पुढे तोच होता."

"शेवटपर्यंत तोच होता का जवळ?"

"तोच. नोकरी सोडून बसला होता."

"आणि ते इंग्लंडवाले?"

मी बातमी वाचून दाखवली. वारस नसल्यामुळे, हे दोनदा वाचलं. आबा म्हणाले, "मूर्ख आहेत." आणि मग, "मीही काही कमी नाही. पोरीला बोलाव. हात धुऊन ये म्हणावं."

लेक शाळेच्या गणवेशातच आली. आबा म्हणाले, "ती फळीवरची गाठ सोड." तिने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. नवऱ्याने स्टूल दिलं. तिने गाठोडं खाली आणून जमिनीवर सोडलं. टाक काळे पडले होते.

आबा तिकडून सांगत गेले. आधी चिंचेचं पाणी. मग साधं पाणी. पहिल्यांदा खंडोबा, मग भवानी. नाकाडोळ्यांत अडकलेला काळा जोरात खरवडायचा नाही, बोटाने चोळायचा. तिची बोटं बारीक, छान पोचत होती. घोडेस्वार हातात आल्यावर तिने विचारलं, "हू इज धिस मॅन?"

"तो आपला मूळ पुरुष."

"सरदार?"

"छे गं," आबा म्हणाले. "घोड्यांना चंदी घालायचा."

नवऱ्याने आणि मी एकमेकांकडे बघितलं.

तिने घोड्याचा पाय चोळला. मग खाली मान घालूनच विचारलं, "आबा, तुमच्यानंतर हे कोण करणार?"

"तुझा बाबा."

"अँड आफ्टर बाबा?"

"तू."

तिचा हात थांबला. "आर वी अलाउड?"

आबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. खुर्चीत सरळ बसले. कागदावर सही करून शिक्का मारायच्या आधी खात्यात बसत असतील तसे. आवाज ठणठणीत होता.

"मंजूर."

"आई, व्हॉट्स मंजूर?"

मी जमिनीवर, तिच्याशेजारी, पाय पसरून बसले होते. कधी बसले ते मलाच कळलं नव्हतं. नवरा म्हणाला, "अप्रूव्ह्ड."

"ओह. लाइक अवर पीआर?"

"हो," मी म्हटलं. "तसंच. फक्त हे कधी रिन्यू करावं लागत नाही."

"कूल," ती म्हणाली, आणि घोड्याचा दुसरा पाय चोळायला लागली.